जुनी वृत्तपत्रे आणि वामनदादा : आपल्या घरातला ठेवा

(वर्षावासातील व्याख्यानमालेत पौड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कोणी विद्वान नाही, संशोधक तर नाहीच नाही. आम्ही तिघे मित्र आहोत. एकजण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, एकजण रिक्षा चालवतो आणि तिघांच्या वतीने आज बोलणारा बँकेत कारकून आहे. कला शाखेची पदवी घेतली, पण आयुष्य व्हाउचर आणि खातेवह्यांत गेले. असे असताना संयोजकांनी आम्हाला बोलावले, कारण गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी आम्ही एक वेगळेच काम करीत आहोत. लोककवी वामनदादा कर्डक यांच्या सुरुवातीच्या काळाची नोंद ज्या जुन्या वृत्तपत्रांत सापडण्याची शक्यता आहे, ती आम्ही गावोगाव हिंडून गोळा करतो.

काही लोक आम्हाला विचारतात, "वामनदादांची गाणी तर घराघरात आहेत, मग जुन्या रद्दीत काय शोधता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आज उभे आहोत.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. शाळेचा योग आला नाही. मुंबईत येऊन मिळेल ती कष्टाची कामे केली. चाळीत कोणीतरी वाचून दाखवायला पत्र हातात दिले आणि आपल्याला वाचता येत नाही याचे त्यांना अतोनात दुःख झाले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पुढे देहलवी मास्तरांकडून त्यांनी अक्षरे गिरवली. १९४३ साली पहिले गीत रचले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत गाणे थांबले नाही. दहा हजारांवर गीते त्यांनी रचली असे सांगितले जाते.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पहिले गीत १९४३ चे. 'वाटचाल' हा त्यांचा पहिला गीतसंग्रह आला १९७३ साली. मध्ये तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत ते किती गावांत गेले असतील, किती रात्री जागवल्या असतील, किती गाणी गायली असतील! पण या तीस वर्षांचे पुस्तक नाही. तेव्हा त्या काळातील छापील पुरावा कोठे मिळणार? एक तर जत्रेत आणि जयंतीला आण्या-दोन आण्यांना विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पातळ पुस्तिकांत, आणि दुसरे म्हणजे आपल्या चळवळीच्या वृत्तपत्रांत.

आमच्या बँकेत एक साधा नियम आहे. नोंद आहे पण व्हाउचर नाही, तर तपासनीस ती नोंद मान्य करीत नाही. वामनदादांच्या त्या तीस वर्षांची नोंद लोकांच्या मनात आहे, ओठांवर आहे, परंतु व्हाउचर हरवत चालले आहे. ज्यांनी त्यांना तरुणपणी ऐकले ती माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यानंतर विचारायचे कोणाला?

ही वृत्तपत्रे कोणती, हे नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने घेतली नाही, हे स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत', १९२८ साली 'समता', २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता', आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याच 'जनता'चे नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' झाले. यांपैकी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक राज्य शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने काढले, त्यामुळे ते वाचायला मिळतात. पण ते अंक १९२९ पर्यंतचेच आहेत. वामनदादांचा काळ म्हणजे 'जनता'चा उत्तरार्ध आणि 'प्रबुद्ध भारत'. तेथेच खरी अडचण आहे.

पहिली अडचण कागदाची. १९४३ साल म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा काळ. कागदाची टंचाई होती, वृत्तपत्रांची पाने कमी झाली होती. चार ओळींच्या जागेत सभेचा वृत्तान्त, ठराव, देणगीदारांची नावे हे सगळे बसवायचे. त्यात गायकाला किती जागा मिळणार?

दुसरी अडचण, ज्यांच्याकडे हे अंक येत त्यांच्या घरांची. एका खोलीत दहा माणसे, वर गळके छप्पर. त्यांनी अंक वाचून, इतरांना वाचून दाखवून, शक्य तितके दिवस ठेवले हेच थोर. पूर्ण वस्तीत एकाला वाचता येई आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. आमच्या मते असा एक अंक पन्नास माणसांनी वाचलेला असे.

आपल्या मुळशीत हे अंक आले कसे? आपल्या खोऱ्यातील पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईला गेली. गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत लागली. काहीजण देहूरोडच्या डेपोत कामाला होते. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना झाली हे आपण जाणताच. ही माणसे सणाला, जयंतीला गावी येताना पिशवीतून वृत्तपत्रे आणीत. दादरला आठवड्यात छापलेले पान महिन्याभराने का होईना, डोंगराच्या कुशीतल्या वस्तीत पोचे.

परंतु मुळशीचा पाऊस आपल्याला माहीत आहे. ताम्हिणीकडे तर चार महिने भिंती ओल्या असतात. कागदाला ओल आणि वाळवी हे दोन्ही शत्रू इथे घरचेच. म्हणून आम्ही पेटीत, कपाटात शोधण्याआधी दुसऱ्याच जागा पाहायला शिकलो. फडताळात अंथरलेला कागद, पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाचा कागद, लग्नाच्या शालूची घडी, आणि सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू. जुने फ्रेमवाले काच आणि पुठ्ठा यांच्यामध्ये वृत्तपत्राचे पान घालीत. बाबासाहेबांचा फोटो घरातील सर्वांत उंच आणि कोरड्या जागी लावलेला असतो. त्यामुळे इतर सर्व कागद गेले तरी बाबासाहेबांच्या फोटोमागचे पान राहते. आम्हाला मिळालेल्या चांगल्या पानांपैकी निम्म्याहून अधिक पाने अशीच मिळाली आहेत.

आता या पानांत मिळते काय, ते प्रामाणिकपणे सांगतो. आमची अपेक्षा होती की वामनदादांचे नाव ठळक अक्षरांत दिसेल. तसे झाले नाही. बहुतेक ठिकाणी वृत्तान्त असा असतो की अमुक गावी अमक्याच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, अमक्यांची भाषणे झाली, आभार मानले, आणि शेवटी एक वाक्य, 'नंतर गायनाचा कार्यक्रम झाला.' बस्स. अध्यक्षाचे नाव आहे, हार घालणाऱ्याचे नाव आहे, लाउडस्पीकर देणाऱ्याचेही नाव आहे. रात्रभर जे गायले त्यांचे नाव नाही. सुरुवातीला आम्हाला याचा राग आला. पुढे विचार केल्यावर ध्यानात आले की यात अवहेलना नव्हती. गाणे हे आपल्याकडे पाण्यासारखे होते, आणि पाणी कोणी वाढले हे कोणी लिहून ठेवत नाही. वामनदादांनी मात्र यावर स्वतःच उपाय केला होता. त्यांच्या गीताच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेले असते. वृत्तपत्राने नाव गाळले तरी गाण्याने नाव सांभाळले. ही आपल्या संतांची आणि शाहिरांची जुनी रीत आहे.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला एक फाटके पान मिळाले. वरचा भाग गेलेला, तारीख नाही. त्यात एका ओळीत 'कर्डक यांचा जलसा' असा उल्लेख होता. आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आम्ही त्याची मोठी प्रत काढली, चौकटीत बसवली आणि १५ ऑगस्टला वामनदादांच्या जयंतीच्या कार्यक्रमात सर्वांसमोर ठेवली. टाळ्या झाल्या. आमच्या गळ्यात हारही पडले.

घरी आल्यावर आमच्यातल्या शिक्षक मित्राने पानाची मागची बाजू वाचायला घेतली. इतके दिवस ती आम्ही वाचलीच नव्हती! तेथे निवडणुकीतील स्वतंत्र मजूर पक्षाच्या उमेदवारांना मते देण्याचे आवाहन होते. आता हिशेब पाहा. बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ साली स्थापन केला. मुंबई प्रांताच्या निवडणुका १९३७ च्या फेब्रुवारीत झाल्या. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आले. म्हणजे आमचे पान १९३७ च्या आसपासचे. त्या वेळी वामनदादा चौदा-पंधरा वर्षांचे होते. पहिले गीत रचायला अजून सहा वर्षे होती. तेव्हा ते 'कर्डक' वामनदादा असणे शक्य नाही. ते होते भीमराव कर्डक.

भीमराव कर्डक यांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशाला रूप दिले. सत्यशोधक जलशांची परंपरा पाठीशी होती. तमाशाचा बाज ठेवला, ढोलकी ठेवली, पण आशय बदलला. शिक्षण, स्वाभिमान, सत्याग्रह यांचा विचार त्यांनी रात्रीच्या दिव्याखाली खेड्यापाड्यांत नेला. पुढे १९७८ साली त्यांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तकही लिहिले. या माणसाचे पान आमच्या हाती होते आणि आम्ही त्याचा मान दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. वामनदादांना उसन्या मानाची गरज नव्हती, आणि भीमरावांचा मान हिरावण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. पुढच्या कार्यक्रमात उभे राहून आम्ही चूक कबूल केली. काहींनी तोंडावर सांगितले, "कशाला सांगितले? कोणाला कळले असते?" परंतु ज्या चळवळीने आम्हाला डोळसपणे पारखून घ्यायला शिकवले, तिच्या नावाने खोटी नोंद कशी ठेवायची? तेव्हापासून नियम केला आहे. पान हाती आले की दोन्ही बाजू वाचायच्या, पक्षाचे नाव, किंमत, जाहिराती पाहायच्या आणि त्यानंतरच तोंड उघडायचे.

दुसरी गोष्ट चुकीपेक्षाही मोठी आहे. तिला आम्ही आमचा अपराध मानतो.

धरणाच्या अंगाच्या एका वस्तीत एक आजी आहेत. नाव सांगत नाही. त्यांचे मालक मुंबईला गोदीत होते आणि गायनपार्टीत पेटी वाजवीत. आजींनी आम्हाला माळ्यावरची ट्रंक दाखवली. वर 'प्रबुद्ध भारत'चे अंक होते, खाली गाण्यांच्या पुस्तिका, हाताने लिहिलेल्या दोन वह्या. अंधार पडत होता. आम्ही वरवर चाळले आणि म्हणालो, "आजी, आम्ही दिवाळीला येतो, नीट बसून सगळे उतरवून घेतो." आजी म्हणाल्या, "या बाबांनो. तुमच्यासाठीच ठेवलंय म्हना."

दिवाळीला आमच्या बँकेत कामाचा रगाडा होता. मग मुलांच्या परीक्षा. मग मार्च अखेर. बँकेत मार्च अखेर म्हणजे माणसाला घर आठवत नाही. असे करता करता पावसाळा आला आणि गेला. आम्ही पोचलो तेव्हा वर्ष उलटून गेले होते. आजींच्या घराचे छप्पर जोराच्या पावसात गळले होते, ट्रंकेत पाणी गेले होते. कागदाचा लगदा झाला होता. वासाने त्रासून सुनेने तो बंबात घातला होता. सुनेचा काहीच दोष नाही. तिला कोणी सांगितले होते का, की हे काय आहे?

आजी म्हणाल्या, "तुमी आला न्हाईत. मला वाटलं, तुमाला नको आसंल."

बंधू-भगिनींनो, या एका वाक्याने आम्ही खाली माना घातल्या. आम्ही गावोगाव भाषणे देत होतो की आपला ठेवा जपा, आणि ज्या माऊलीने पासष्ट वर्षे तो जपला तिच्याकडे परत जायला आम्हाला सवड झाली नव्हती.

निघताना आजींनीच भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून आमच्या हाती दिला. मागच्या पुठ्ठ्याआड 'प्रबुद्ध भारत'चे एक पान निघाले. म्हणजे ते १९५६ च्या फेब्रुवारीनंतरचे. त्यात एका सभेचा वृत्तान्त आणि शेवटी नेहमीचे ते वाक्य, गायनाचा कार्यक्रम झाला. आजींना वाचता येत नाही. आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवले. आजी म्हणाल्या, "त्या राती वामन गायला व्हता. आमच्या मालकांनी पेटी धरली व्हती." आणि त्यांनी ते गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत, 'वामन' या नावापर्यंत म्हणून दाखवले. सूर थरथरत होता, पण एक शब्द चुकला नाही.

आता ही नोंद आम्ही कशी केली? छापील पानावर वामनदादांचे नाव नाही, म्हणून पानाच्या नोंदीत ते घातले नाही. वेगळ्या कागदावर लिहिले की अमक्या दिवशी, इतक्या वयाच्या आजींनी असे सांगितले. त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून ठेवले. पान हा एक पुरावा, आठवण हा दुसरा. दोन्ही शेजारी ठेवावेत, एकमेकांत मिसळू नयेत. उद्या एखादा अभ्यासक दुसऱ्या गावचे तिसरे पान आणील आणि जोड लावील.

या कामात पैशाचा प्रश्नही येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी आम्ही जातो. पूर्वी किलोच्या भावाने मिळणारे अंक आता 'दुर्मिळ' म्हणून शेकडो रुपयांना सांगतात. एका गृहस्थाने आमच्याकडील पानांना चांगली किंमत देऊ केली. आमच्यातील रिक्षावाला मित्र त्या महिन्यात अडचणीत होता, तरी तोच पहिल्यांदा म्हणाला, "ही आपली नाहीत, लोकांची आहेत." तेव्हापासून आमची पद्धत अशी की मूळ पान घरच्यांकडेच ठेवायचे, आम्ही फक्त छायाचित्र आणि प्रत घ्यायची. कोणी आपणहून दिले तर पावती द्यायची. पावती देणे तरी आम्हाला चांगले जमते!

सरकार करील म्हणून वाट पाहू नये. बाबासाहेबांच्या साहित्याच्या प्रकाशनाला होणाऱ्या दिरंगाईची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. २०१६ च्या जून महिन्यात दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना एका रात्रीत पाडला गेला, हेही आपण पाहिले. मोठ्या वास्तू जातात तेव्हा लहान घरांतील पानेच साक्ष देतात. आपल्याच तालुक्यातील उदाहरण घ्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. गावे पाण्याखाली गेली, पण त्या लढ्याची हकीकत आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ती वेळीच कागदावर उतरली. गाणे तर पाण्याखाली न जाताही नाहीसे होते.

आता काही व्यवहाराच्या सूचना. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. ऊन लागले की हे लवकर होते. म्हणून जुने पान उन्हात वाळवू नये. सावलीत, हवेशीर जागी, दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवावे. जुन्या घडीवर पुन्हा घडी घालू नये. फाटले तर चिकटपट्टी लावू नये. पट्टीचा डिंक काही वर्षांत अक्षरेच घेऊन जातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. टाचण्या आणि पिना काढाव्यात, गंज कागद खातो. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, आणि कागदाला न लावता. मोबाईलने छायाचित्र घेताना दोन्ही बाजूंचे घ्यावे. कोणाच्या घरी, कोठे सापडले हे त्याच दिवशी लिहावे. उद्यावर टाकू नये. उद्यावर टाकल्याचे फळ आम्ही आताच सांगितले.

शेवटी आपल्या संस्थेस नम्र विनंती. विहारात एक लोखंडी कपाट द्यावे, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून थोडे दूर. दर पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास आम्ही येथे बसू. आपल्याकडे जे असेल ते आणा, एक अंक, अर्धे पान, जयंतीचे हस्तपत्रक, गाण्यांची वही. आम्ही आपल्यासमोर प्रत घेऊ आणि मूळ त्याच वेळी परत देऊ. आणायला जमत नसेल तर निरोप द्या, रिक्षा आपल्या दारी येईल. आणि आज घरी गेल्यावर एवढे करा, बाबासाहेबांच्या जुन्या तसबिरीची मागची बाजू जपून पाहा. घरातल्या सुनेला, नातवंडांना सांगा की हा कागद रद्दी नाही.

त्या आजींकडे आम्ही आता दर दोन महिन्यांनी जातो. जळालेल्या वह्यांतील बावीस गाणी त्यांनी आतापर्यंत तोंडपाठ सांगितली आहेत. अजून आहेत म्हणतात. पुढच्या रविवारी जायचे ठरले आहे, आणि या वेळी ते चुकणार नाही.